पंधरा दिवस उशिरा आलेले बूट

१४ जानेवारी

आत्या,

नमस्कार. वाकून करायचा तर पाय साथ देत नाहीत, म्हणून उभ्यानेच घे.

आज मला फाटकावरून परत पाठवलं. गोदीत लागून नेमका दहावा दिवस. बाबांना सांगू नकोस. घर सोडताना ते काय म्हणाले होते, आठवतंय ना? "कॉलेज दीड वर्षात सोडलंस, नोकरी दीड महिन्यात सोडशील. नव्वद दिवस टिकलास तर मिशी उतरवीन." इथे उमेदवारीचे दिवस नव्वदच आहेत. म्हणजे तारीख ठरलेली आहे. चार एप्रिलला त्यांची मिशी उतरणार.

पण आधी बुटांचं ऐक. इथे जहाजं दुरुस्तीला येतात. खड्ड्यातलं पाणी उपसून त्यात ती कोरडी उभी करतात, आणि आम्ही लोखंडी शिडीने एकशे अठरा पायऱ्या उतरून त्यांच्या पोटाखाली जातो. गंज खरवडायचा, साखळ्या ओढायच्या, पत्रे खांद्यावरून न्यायचे. पायाखाली तेल, गंजाचा चुरा, वरून वेल्डिंगचे थेंब. म्हणून बुटाच्या टोकात पोलादी टोपी पाहिजे असा नियम आहे. मी बाजारातून घेतले होते तसे. काळे, लाल दोऱ्याची शिवण, टोकावर पोलादाचा शिक्का. आरशात पाहिलं तर मीच मला ओळखेना.

फाटकावर आजपासून एक नवी मुलगी आली आहे, आधीचा माणूस नुसतं बघून आत सोडायचा. तिचं काम हेच, आत जाणाऱ्याचे बूट, शिरस्त्राण, पट्टा तपासायचा. हातात छोटी पितळी हातोडी. खाली बसते आणि प्रत्येकाच्या अंगठ्यावर एक टोला देते. चांगल्या बुटाचा आवाज येतो ठण. माझा आला ठप. तिने पुन्हा मारला. पुन्हा ठप.

"हे काय, बिस्किटाचा डबा घालून आलायस?"

मागची सगळी रांग हसली. मी म्हणालो, "डबा असेल तर असेल, पाय माझा आहे." ती म्हणाली, "म्हणूनच परत जा." आणि चिठ्ठी फाडून हातात दिली. अशा तीन चिठ्ठ्या झाल्या की नाव कटतं.

राग आला, आत्या. कान तापले. पण ती खाली बसली होती आणि मला तिचा भांग दिसत होता, अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखा. तेव्हापासून माझं काही खरं नाही.

तू सव्वीस वर्षं बुटांच्या कारखान्यात काढलीस. मला असे बूट शिवून दे की ठण आवाज सगळ्या गोदीत गेला पाहिजे.

तुझा भडक्या


२० जानेवारी

भडक्या,

तुझं पत्र दादाने आणून माझ्या बाकावर ठेवलं. तीस वर्षं घरोघर टपाल वाटलेला माणूस, दुसऱ्याचं पाकीट उघडायचा नाही. नुसतं उलटसुलट केलं, "अक्षर सुधारलं नाही अजून" म्हणाला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी वाचताना तोंडावर काही दिसू दिलं नाही. शेवटी विचारतो कसा, "खोकला वगैरे नाही ना त्याला?" एवढंच. मी म्हटलं, नाही. गेला.

आता बुटांचं. बूट ही आरशात बघायची वस्तू नाही. एका हातात टाच धरायची, दुसऱ्यात टोक, आणि दाबायचं. पायाचा चवडा जिथे वाकतो तिथेच बूट वाकला पाहिजे. मध्येच दुमडला तर तो पुठ्ठा समज. तळ शिवलेला हवा, नुसता चिकटवलेला तेलात महिनाभरात सुटतो. जीभ दोन्ही कडांना शिवलेली हवी, म्हणजे चुरा आत जात नाही. अंगठ्यापुढे एक आडवं बोट जागा, आणि चालताना टाच आतल्या आत उचलली जाता कामा नये. तुझ्या लाल दोऱ्याने यातलं काय केलं ते तूच सांग.

शिवते. पण पायाचा नकाशा पाठव. कोऱ्या कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार. संध्याकाळी, कामावरून आल्यावर, कारण तेव्हा पाय फुगलेला असतो आणि बूट त्याच पायाला सोसायचे असतात. कामाचेच मोजे. पेन्सिल सरळ उभी. आणि दुसऱ्या कुणाकडून काढून घे, स्वतः वाकलास की भार सरकतो.

हातोडी घेऊन उभ्या असलेल्या मुलीवर जीव जडवलास, म्हणजे अंगात धमक आहे. ती जरा पायातही राहू दे.

आत्या


२६ जानेवारी

आत्या,

नकाशे सोबत आहेत, डावा आणि उजवा. तू लवकर शिव.

सध्या गोदामातले उसने बूट घालतो. एक नंबर मोठे, आणि आत माझ्याआधीच्या तिघांचा वास. पण टोपी खरी आहे. काल तिने टोला मारला, ठण झालं, आणि वर न बघता म्हणाली, "डबा विकलास वाटतं?" मी उत्तर शोधेपर्यंत ती पुढच्याच्या पायाशी पोचली. उत्तर मला बावन्नाव्या पायरीवर सुचलं. फार झकास उत्तर होतं. आता काय उपयोग?

माझ्या खोलीत एक वेल्डर राहतो, चाळिशीचा. तो म्हणतो, "तुला हातोडी लागली, पण ती पायाला नाही." मी त्याच्यावर उशी फेकली. हल्ली मी वस्तू मऊ असली तरच फेकतो, एवढी सुधारणा नोंदव.

बाबांना म्हणावं, खोकला नाही. बाविसावा दिवस.

भडक्या


३१ जानेवारी

भडक्या,

कागद परत पाठवतेय. हा बसलेल्या माणसाचा पाय आहे, तोही बिछान्यातून न उठलेल्या. सकाळचा, अनवाणी. उभा राहिलेला पाय करंगळीच्या बाजूने पसरतो, तिथे रेघ फुगते. तुझी रेघ लहान पोरांच्या चित्रकलेच्या वहीतली. यावर बूट शिवला तर दुपारी दोन वाजता तू तो काढून जहाजाखाली फेकशील, आणि मग आत्याच्या नावाने ओरडशील.

हे झालं आळसाचं. आता लपवाछपवीचं बोलू.

डाव्या अंगठ्याची रेघ उजव्यापेक्षा पेन्सिलीच्या जाडीइतकी बाहेर आहे. आणि त्याच जागी कागदाला कापसाचा तंतू चिकटलाय. पट्टी बांधली आहेस ना? कधी लागलं? कशाने? नख आहे की गेलं? मी हजारो पाय कागदावर पाहिलेत. माणूस पत्रात काहीही लिहितो, पण पेन्सिल पायाभोवती फिरताना त्याला थापा मारता येत नाहीत.

दादाला सांगणार नाही. पण मला खरं कळल्याशिवाय चामड्याला कात्री लावणार नाही.

आत्या


६ फेब्रुवारी

आत्या,

हरलो.

आठव्या दिवशी साखळीची कडी पायावर पडली. बुटाची ती टोपी खरोखरच डब्याच्या पत्र्याची होती, आत चेपली आणि अंगठ्यावर बसली. ओरडलो नाही. ओरडलो असतो तर दवाखान्याचा शेरा पडला असता, घरी बसवलं असतं आणि उमेदवारीचे दिवस पुन्हा एकपासून मोजले असते. दुसऱ्या दिवशी तसाच उतरलो. मग तिने टोला मारला आणि माझं बिंग फुटलं. आता वाटतं, तिने परत पाठवलं म्हणूनच अंगठा शाबूत आहे. त्या दिवशी संध्याकाळी बाहेरच्या डॉक्टरला दाखवलं. हाड मोडलेलं नाही. नख काळं आहे, पण आहे. बोट हलतं. शपथ.

नवे नकाशे वेल्डरने काढलेत, संध्याकाळी, कामाच्या मोज्यांवर. सरळ रेघेत त्याचा हात धरणारा गोदीत कुणी नाही. मला पुतळ्यासारखं उभं केलं आणि हललो की पेन्सिल टोचायचा.

एक सांगतो. बाबांना वाटतं, मी चिडून कॉलेज सोडलं. चिडूनच सोडलं. सरांनी सगळ्या वर्गासमोर "तू इथे का येतोस?" विचारलं, मला उत्तर आलं नाही, आणि मी दप्तर उचलून निघालो. पण इथे मी चिडून टिकलेलो नाही. त्या पाण्याबाहेरच्या जहाजाखाली उभं राहिलं ना, की ते पुन्हा तरंगेपर्यंत मला इथून हलायचं नसतं. चिडका माणूस नव्वद दिवस पायऱ्या चढत नाही गं.

बाबांना अंगठ्याचं कळता कामा नये. मला परत बोलवायला त्यांना एवढंच कारण पुरेल.

तुझा
भडक्या


१५ फेब्रुवारी

भडक्या,

हे पत्र उजव्या बुटात ठेवलंय. डाव्यासाठी साच्यावर अंगठ्यापाशी चामड्याचा तुकडा चढवला आणि मग शिवला, म्हणजे काळ्या नखाला वरून काही टेकणार नाही. तळ तेलाला न जुमानणारा, दुहेरी शिवणीचा. तो झिजला तर उसवून नवा लावता येईल. वरचं अंग बरीच वर्षं चालेल, तू चाललास तर.

नवे बूट आहेत, अंगावर येतील. पहिल्या दिवशीच शिडीवर घालू नकोस. आधी खोलीत अर्धा तास, मग तास, मग बाहेर. लोकरी मोजे. भिजले तर आत कागद कोंबून सावलीत ठेव, शेगडीपाशी नेलेस तर चामडं तडकेल. आठ-दहा दिवसांत ते तुझ्या पायाचं ऐकायला लागतील. मार्च उजाडायच्या आत तू ते घालून उतरायला हवास.

दादा टपालात टाकायला नेतोय. खोक्याला त्यानेच दोरी बांधली. त्याच्यासारखी गाठ मला येत नाही.

आत्या


८ मार्च

आत्या,

तू असं करशील असं वाटलं नव्हतं!

पार्सल परवा आलं. परवा! सहा मार्चला! तोवर उसन्या बुटांनी टाचेचं सालपट काढलं होतं. आणि उघडून बघतो तर काय? बूट वापरलेले! वरून पॉलिश चकचकीत, पण चवड्यावर आडवी घडी पडलेली, तळाच्या कडा घासलेल्या, खाचेत तांबडी माती. कुणाचे तरी जुने बूट टोक बदलून मला पाठवलेस? माझे नकाशे काय तू चहाच्या कपाखाली घातलेस?

म्हटलं, वापरलेले आहेत तर निदान चावणार तरी नाहीत. आधीच उशीर झालेला, काल सकाळी तसेच घालून निघालो. आत्या, ती घडी माझ्या बोटांच्या मुळावर नाही, पुढे आहे, थेट बोटांवर. दर पावलाला बूट एकीकडे वाकतो आणि पाय दुसरीकडे. फाटकापर्यंत दोन फोड आले होते. तिने टोला मारला. ठण! असला सुंदर आवाज त्या फाटकावर कधी झाला नसेल. पण ती उठली नाही. म्हणाली, "चार पावलं चालून दाखव."

चाललो.

"लंगडतोयस."

"नाही."

"लंगडणाऱ्याला मी खाली सोडत नाही. चिठ्ठी दोन."

मी भडकलो. म्हणालो, "बूट नसला तरी परत, बूट असला तरी परत. तुला माझं तोंड आवडत नाही असं सरळ सांग ना!" ती शांतपणे चिठ्ठी लिहीत होती. म्हणाली, "एकशे अठरा पायऱ्या आहेत. तू पडलास तर तुला वर आणायला चौघं उतरतात. त्या चौघांनाही मलाच खाली सोडावं लागतं. तोंडाचं नंतर बघू."

आता एकच चिठ्ठी उरली. चार एप्रिलला शेवटची चाचणी, पाठीवर साखळीचं ओझं घेऊन तळापासून वरपर्यंत. आणि माझ्या पायात कुणा परक्याचे बूट!

भडक्या


१२ मार्च

भडक्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातातली आरी खाली ठेवून वाचलं, नाहीतर कागदाला भोक पडलं असतं.

माझ्या बाकावरून आजवर एकही जुना बूट नवा म्हणून गेलेला नाही. सगळं नवं कापलं होतं, आणि तुझ्याच मापाने. तुला शिव्या पुढच्या पत्रात देईन, आत्ता मला कळायला पाहिजे.

दोन गोष्टी कर. बुटाच्या आत पायाखाली एक पातळ तळ असतो, तो सुटा आहे. टाचेकडून नख घालून दोन्ही काढ आणि पाठव. आणि खोक्यावरच्या कागदाचा टपालाच्या शिक्क्याचा तुकडा फाडून सोबत घाल. तोवर उसने बूट घाल, टाचेला कापड गुंडाळ. तिसरी चिठ्ठी घेऊ नकोस.

आत्या


१६ मार्च

आत्या,

दोन्ही तळ आणि शिक्का सोबत. शिक्क्यावर दोन मार्च आहे. पंधरा फेब्रुवारीला लिहिलेलं पत्र दोन मार्चला? बाबा तर म्हणायचे, त्यांच्या हातून एक पोस्टकार्डसुद्धा दुसऱ्या दिवसावर गेलं नाही.

एकाहत्तरावा दिवस. टाचेला कापड आहे. लंगडत नाही. तिने आज मला चार नाही, आठ पावलं चालायला लावलं.

मागच्या पत्रात जास्त बोललो असेन तर... बोललोच.

भडक्या


२१ मार्च

भडक्या,

बस, मग वाच.

तळ मिळाले. त्यांच्यावर पायाचा ठसा स्पष्ट उमटलाय. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. असा पाय मी चार वर्षांची असल्यापासून बघतेय. शाळेत जाताना मी त्याच्या मागून चालायची, आणि मातीत तोच उमटायचा.

दादाला हाक मारली. तळ त्याच्यासमोर टेबलावर ठेवले. "हा पाय कुणाचा?"

त्याने चष्मा लावला, काढला. "कुणाचा का असेना."

"दुसरं बोट अंगठ्यावर चढलंय."

"असतं एखाद्याचं."

"आपल्या घरात एकाचंच आहे. आणि पार्सल पंधरा दिवस कुठे होतं?"

"हल्ली टपाल फार..." म्हणाला आणि तिथेच थांबला. टपालाला दोष द्यायला त्याची जीभ रेटेना.

मग सांगितलं. पार्सल नेलं, ते टपालात टाकलंच नाही. कोपऱ्यावर जाऊन दोरी सोडली, बूट पायात घातले आणि आपली जुनी फेरी चालला. सहा गल्ल्या, दोन पूल, टेकडीवरची वसाहत. रोज सकाळी, पंधरा दिवस. लोक विचारत, "काय, पुन्हा घेतलं का कामावर?" तर म्हणे, "एकाचं काम करतोय." मला वाटायचं, म्हातारा फिरायला जातो, बरं आहे.

मी विचारलं, "का पण?"

"नवे बूट पहिले पंधरा दिवस चावतात. तीस वर्षं मला चावलेत, मला सवय आहे. म्हटलं, चावायचं तेवढं मला चावून घेऊ देत. त्याचा अंगठा आधीच..."

मी काही बोलले नव्हते हं. डाव्या साच्यावर तुकडा चढवताना त्याने पाहिलं आणि तेवढ्यावरून ओळखलं. एकदाही विचारलं नाही.

त्याची चूक झाली. तुमची दोघांची लांबी एकच, म्हणून त्याला वाटलं पाय एकच. पण त्याचा चवडा तुझ्यापेक्षा अर्धं बोट पुढे आहे. चामडं पहिल्यांदा जिथे वाकतं तिथेच जन्मभर वाकतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बाकावरची दोरी बोटांना गुंडाळत बसला. म्हणाला, "म्हणजे त्याचा एक दिवस माझ्यामुळे गेला."

तुझं आठ तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी मी दुसरं चामडं कापायला घेतलं होतं. हे बूट नवे आहेत, कुणीही पाय घातलेला नाही. टपालात मी स्वतः टाकतेय. चाचणीला चौदा दिवस आहेत. चार दिवस वाटेत जातील, दहा तुझे. जपून वापर. पहिली जोडी तुझ्याकडेच राहू दे, तिचं काय करायचं ते तू ठरव.

आत्या


२५ मार्च

आत्या,

बूट आज आले. तुझं पत्र वाचून डोकं फिरलं.

म्हणजे माझ्या बुटातसुद्धा तेच! कुठल्या शाळेत जायचं ते त्यांनी ठरवलं, काय शिकायचं ते त्यांनी ठरवलं, आणि आता मी कुठे वाकायचं तेही आधीच चालून ठरवून ठेवलं! मदत करायची तर एक ओळ लिहायची होती. "कसा आहेस?" दोन शब्द. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, एक स्वतः लिहिता आलं नाही? ठेवा म्हणावं तुमचे ते...

२७ मार्च

(वरचं पत्र टाकायचं राहिलं. फाडणार होतो, पण असू दे. पुढे लिहितो.)

नवे बूट घालून खोलीत फेऱ्या मारत होतो, तू सांगितलंस तसा अर्धा तास. वेल्डर म्हणाला, "त्या जुन्या जोडीचं काय करणार? मला दे." त्याने डाव्यात हात घातला आणि म्हणाला, "आत हे काय आहे?"

अंगठ्याच्या टोपीखाली कुणीतरी जाड मऊ कापडाचा तुकडा शिवलाय. टपालाच्या जुन्या पिशवीचा असावा. टाके तुझे नाहीत, आत्या. तुझे टाके मोजून घ्यावेत असे असतात. हे मोठे, तिरके, पिशवीचं तोंड बंद करताना घालतात तसे. एका जागी सुई बोटात गेली असणार, तिथे तपकिरी डाग आहे.

मी ती जोडी वेल्डरला दिली नाही.

काल नवे बूट घालून फाटकावर गेलो. उतरायला नाही, फक्त दाखवायला. टोला. ठण. चार पावलं. मग तिने बुटाचं टोक आणि टाच धरली आणि वाकवून पाहिलं, अगदी तुझ्यासारखं! म्हणाली, "कुणी शिवले?"

"आत्याने."

"बायकांच्या मापाचे शिवतात?"

मग कळलं. दहा तास उभी असते ती. तिच्या मापाचे पोलादी टोपीचे बूट कुठे मिळत नाहीत, म्हणून पुरुषांचे घालते, दोन मोजे आणि टोकात कागद कोंबून. सगळ्या गोदीचे पाय तपासते आणि स्वतःच्या टाचेला फोड. मी म्हणालो, "मग तुला चिठ्ठी कोण देतं?" आणि आत्या, ती हसली! उत्तर जागच्या जागी सुचलं होतं मला!

तिला नकाशाचे सगळे नियम सांगितले. संध्याकाळी, उभ्याने, मोज्यांवर. आज तिने घडी घातलेला कागद दिला. "उघडून बघायचा नाही." मी उघडलेला नाही. बाबांचा मुलगा आहे. तसाच सोबत पाठवतोय. तिला सांगितलंय, तयार झाले की कळवतो.

रोज तास-तास वाढवतोय. परवापासून हेच घालून उतरेन. अजून आठ दिवस. तिसरी चिठ्ठी मी घेणार नाही.

भडक्या


५ एप्रिल

बाबा,

पत्र तुम्हाला आहे, आत्याला नाही, म्हणून पाकीट उघडायला हरकत नाही.

काल चाचणी झाली. सातजण होतो. साखळी पाठीवर, एकशे अठरा पायऱ्या, मध्ये थांबायचं नाही. साठाव्या पायरीपर्यंत मी तिसरा होतो. मग दोघं मला मागे टाकून गेले. नव्वदनंतर डोळ्यांपुढे फक्त पुढच्याची टाच. पण पाय बुटात हलला नाही, बूट पायरीवर सरकला नाही. पाचवा आलो. त्यांनी पाचच ठेवले.

शंभराव्या पायरीवर, सोडून द्यावं असं वाटलं होतं. खरंच वाटलं. तेव्हा मनात आलं, टेकडीवरच्या वसाहतीला किती पायऱ्या आहेत? लहानपणी मी तुमच्याबरोबर एकदा आलो होतो आणि अर्ध्यात बसलो होतो. तुम्ही तेवढी पत्रं देऊन परत आलात आणि मला पाठीवर घेतलंत. सांगा किती आहेत ते.

पहिली जोडी पार्सलने परत पाठवतोय. तिला तुमच्या पायाची घडी पडली आहे, ती आता दुसऱ्या कुणाची व्हायची नाही. अंगठ्याखालचं कापड तसंच ठेवलंय. फिरायला जाताना घाला. मला चावले, तुम्हाला चावणार नाहीत.

माझा एक दिवस तुमच्यामुळे गेला असं आत्याला म्हणालात म्हणे. गेला. एक माझ्या बाजारच्या बुटांमुळे गेला. उरलेले अठ्ठ्याऐंशी मी भरले.

अंगठा बरा आहे. खोकला नाही.

आणि मिशीचं काय?

तुमचा


११ एप्रिल

चि. यास,

पत्र पोचले, पार्सल पोचले. दोरी नीट बांधली नव्हतीस. गाठ शिकवावी लागेल.

पाकिटावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात खोलीचा क्रमांक नाही. आमच्या वेळी अशी पत्रं अडकून पडत. क्रमांक मला माहीत आहे, तुझ्या आत्याच्या पाकिटांवर वाचून वाचून पाठ झाला आहे, पण नियम तो नियम. यापुढे लिहीत जा. यापुढे म्हणजे मला लिहिताना.

टेकडीच्या पायऱ्या एकशे चौऱ्याण्णव. तू सत्तराव्या पायरीवर बसला होतास. मी तुला तेव्हा रागावलो होतो का ते आठवत नाही. रागावलो असेन.

बूट घातले. बरोबर बसतात.

तुझ्या आत्याने आणखी एक जोडी पुरी केली आहे, लहान मापाची. म्हणते, पोरगी उजव्या पायावर जास्त भार देऊन उभी राहते, म्हणून उजवी टाच जाड ठेवली आहे. ही जोडी टपालात टाकायला माझ्याकडे दिली. मागच्या खेपेला माझ्या हातून पार्सलाला पंधरा दिवस लागले. या वेळी तसं होणार नाही. हे पत्र चार दिवसांत पोचेल, सोळा तारखेला सकाळच्या गाडीने मी निघतो, दुपारपर्यंत गोदीच्या फाटकावर पोचेन आणि ज्याचं त्याच्या हाती देईन. तू कामावर असशील तर वर येण्याची घाई करू नकोस. उभं राहायची सवय आहे मला.

फाटकाजवळ बिनमिशीचा म्हातारा दिसला तर तो मी.

बूट तेच घालून येतोय. तिथे हातोडीने ठोकून बघतात ना? बघू दे.

बाबा